केर कोठे जातो?

मनुष्य जेथे वस्ती करितो तेथे केर हा उत्पन्न व्हावयाचाच. अरण्यात गळलेले पान तेथेच कुजते व त्याच झाडाच्या मुळाशी जाते. त्यास झाडून दूर नेण्याची आवश्यकता कोणासही भासत नाही. मनुष्य मात्र वस्तू एके ठिकाणाहून आणितो, दुसऱ्या ठिकाणी वापरितो व तिसऱ्या ठिकाणी टाकितो. या तिसऱ्या ठिकाणाविषयी आपण सहसा विचार करीत नाही. सकाळी दारावर शिटी वाजते, बादली रिकामी होते, आणि विषय संपला असे आपणांस वाटते. प्रस्तुत लेखात तो विषय जेथे संपला असे वाटते तेथूनच आरंभ करण्याचा आमचा विचार आहे. उदाहरणादाखल आम्ही पुणे शहर घेतले आहे. कारण तेथील व्यवस्था ज्या रीतीने उभी राहिली ती रीत विरळा असून आपल्या वाचकांनी समजून घेण्याजोगी आहे.

प्रथम केर म्हणजे काय याचा उलगडा करू. शेण परसात पडले तर ते खत होय, भुईस लागले तर ते सारवण होय, आणि जेवणाच्या पाटावर पडले तर ती घाण होय. वस्तू एकच, परंतु जागेप्रमाणे तिचे नाव पालटते. कागदाचेही तसेच. कोरडा कागद रद्दीवाला तराजूत तोलून घेतो व त्याचे पैसे मोजतो. त्याच कागदावर आमटी सांडली म्हणजे तो फुकटही कोणी घेत नाही. तेव्हा केर हा बहुधा जन्मतः केर नसतो. दोन निरनिराळ्या वस्तू एकाच बादलीत पडल्या म्हणजे त्या दोहोंचाही केर होतो. हे एक तत्त्व ध्यानात राहिले तर पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

आपल्या आज्यांच्या घरांत केराची पेटी नव्हती असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. भाजीची देठे गाईपुढे, चुलीतील राख भांडी घासण्यास, उरलेली राख व गोठ्यातील शेण उकिरड्यावर, अशी ज्याची त्याची जागा ठरलेली असे. लुगडे फाटले की त्याची गोधडी व्हावी, गोधडी विरली की तिचे पोतेरे व्हावे. जुने कपडे बोहारणीस देऊन भांडे घ्यावे, आणि फुटके तांब्यापितळेचे भांडे मोडीत घालून नव्याच्या किमतीत वजावाट मिळवावी. या काटकसरीत दारिद्र्याचा वाटा पुष्कळच होता, म्हणून तिचे नुसते गोडवे गाणे आम्हांस पसंत नाही. परंतु त्या काळी घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू एक तर कुजणारी असे, नाही तर विकली जाणारी असे, ही गोष्ट खरी. आता घरात येणाऱ्या वस्तूंचे रूप पालटले आहे. बिस्किटांच्या पुड्याचे वेष्टन हातात घेऊन पाहावे: बाहेर प्लॅस्टिकचा रंगीत थर, आत धातूचा चकाकणारा पातळ थर, आणि दोन्ही असे चिकटविलेले की त्यांस वेगळे करणे कारखान्यासही परवडत नाही. ते कुजतही नाही आणि विकलेही जात नाही. आजीच्या घरात अशा वस्तूस जागाच नव्हती.

ओल्या केराविषयी प्रथम सांगतो, कारण आपल्याकडील घरगुती केरात वजनाने निम्म्याच्या आसपास वाटा त्याचाच असतो. भाजीपाल्याची साले, शिळे अन्न, चहाचा चोथा, निर्माल्य ही सर्व या वर्गात येतात. यांचे खत करण्याच्या शास्त्रास आपल्या प्रांताजवळच मोठी चालना मिळाली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. इंदूर येथील कृषिसंशोधनसंस्थेत आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून १९३१ पर्यंत जे प्रयोग केले त्यांतून ‘इंदूर पद्धत’ या नावाने प्रसिद्ध असलेली रीत निघाली. १९३१ साली तिजवर जो इंग्रजी ग्रंथ निघाला त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मुताने भिजलेली माती व थोडी राख यांचे थरावर थर द्यावयाचे, ओल राखावयाची, आणि ढीग ठराविक दिवसांनी वरखाली करावयाचा. सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत व दुर्गंधरहित खत तयार होते.

यातील मर्म ढीग वरखाली करण्यात आहे. कुजविण्याचे काम सूक्ष्म जंतू करितात. त्यांस हवा मिळाली तर ते जोमाने काम करितात व ढिगाच्या पोटातील उष्णता साठ अंशांपर्यंत चढते. या उष्णतेत रोगजंतू व तणाचे बी मरून जाते. हवा मिळाली नाही तर दुसऱ्याच जातीचे जंतू ढिगाचा ताबा घेतात, आणि ते मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू व दुर्गंध उत्पन्न करितात. हा मिथेन वातावरणात गेला तर उष्णता कोंडून ठेवण्याच्या कामी तो कर्बवायूच्या पंचवीस पटींहून अधिक प्रभावी ठरतो. तोच बंद टाकीत धरला तर चुलीखाली जळतो. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने घराच्या गच्चीवर मावेल असे एक लहान वायुसंयंत्र तयार केले व त्यास २००६ साली इंग्लंडातील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. त्यामागील विचार साधा पण चतुर आहे. शेण हे गाईने एकदा पचवून टाकलेले अन्न. मग जंतूंना शेणापेक्षा खरकटे अन्नच का देऊ नये? संस्थेच्या सांगण्याप्रमाणे दोनेक किलो पिष्टमय खरकट्यापासून जेवढा वायू मिळतो तेवढा मिळविण्यास सुमारे चाळीस किलो शेण लागते.

आता सरकारी व्यवस्थेकडे वळू. शहरातील केर उचलणे हे महापालिकेच्या मर्जीचे काम नाही. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ साली झाला. आज तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याने रस्त्यांची सफाई व केराची विल्हेवाट ही पालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत घातली आहेत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टातही घनकचरा हा विषय नागरी संस्थांकडे दिलेला आहे. परंतु कर्तव्य असणे आणि ते पार पाडण्याची रीत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फार दिवस रीत अशी होती की नागरिकांनी केर रस्त्याच्या कोपऱ्यावरील कुंडीत टाकावा, कुंडी भरून वाहू लागावी, तीत कुत्री व गाई तोंड घालीत असाव्यात, आणि पालिकेच्या गाडीने सर्व माल एकत्र भरून गावाबाहेर नेऊन ओतावा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या एका लोकहिताच्या अर्जावरून ही स्थिती न्यायालयापुढे आली, व त्याचा परिणाम म्हणून केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम केले. त्या नियमांनी केर दारोदार जाऊन गोळा करावा असे सांगितले. पुढे २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करणे नागरिकांवर बंधनकारक केले.

नियम झाले, आता दारोदार जावयाचे कोणी? येथे पुण्याची खरी कथा सुरू होते.

कोपऱ्यावरील त्या कुंड्यांत कुत्री व गाई यांच्याखेरीज आणखी कोणी हात घालीत असे. खांद्यावर पोते टाकून भल्या पहाटे निघणाऱ्या, कागद, काच, पत्रा व प्लॅस्टिक वेचून भंगाराच्या दुकानात विकणाऱ्या त्या बायका होत. त्यांपैकी पुष्कळजणी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेल्या, आणि बहुतेक सर्व ज्यांस एके काळी अस्पृश्य लेखले जाई अशा समाजांतील. शहरातील लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. चोरी झाली की प्रथम त्यांची पोती झडत. वस्तुतः शहराचा काही टन माल या बायका दररोज एक पैसाही न घेता कमी करीत होत्या, परंतु त्यास ‘काम’ म्हणावयास कोणी तयार नव्हते.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणविभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास यांच्यात जाऊ लागल्या. (हे विद्यापीठ १९१६ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्थापिले, आणि वर ज्यांच्या वायुसंयंत्राचा उल्लेख आला ते डॉ. आनंद कर्वे त्यांचेच नातू. आजोबांची संस्था व नातवाचे यंत्र एकाच केराच्या दोन टोकांशी भेटावे हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.) शिकविण्यास गेलेल्या मंडळींस लवकरच कळून आले की केर वेगळा करून मिळाला तर या बायकांचे श्रम निम्मे होतील व मिळकत वाढेल. हमाल पंचायत उभी करणारे बाबा आढाव यांचे पाठबळ मिळून १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. नावातच सर्व व्यवसाय आला आहे, हे चतुर वाचकांच्या लक्षात येईल. १९९६ च्या सुमारास सभासदांस महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे मिळू लागली. पुढे त्यांच्या वैद्यकीय विम्याचा भारही पालिकेने स्वीकारला. ओळखपत्र म्हणजे एक पुठ्ठ्याचा तुकडा, असे कोणी म्हणेल. परंतु पहाटेच्या अंधारात शिपायाने हटकले असता दाखवावयास तो तुकडा जवळ असणे व नसणे यांत किती अंतर आहे, हे ज्यास हटकले गेले आहे त्यासच विचारावे.

२००८ साली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आणि पुणे महापालिका यांच्यात करार झाला. कुंडीत हात घालणारी बाई आता दारावर येऊ लागली. तिच्याकडे ठरलेली घरे असतात; प्रत्येक घराकडून ती ठराविक मासिक शुल्क घेते; ओला व सुका केर ढकलगाडीवरील निरनिराळ्या बादल्यांत व पोत्यांत भरते; ओला केर व निरुपयोगी माल ठरलेल्या ठिकाणी उभ्या असलेल्या पालिकेच्या मोटारीत चढविते; आणि सुक्यातील विकण्याजोगा माल निवडून स्वतः विकते. त्या मालावरचा हक्क तिचा. सभासदांची संख्या तीन हजारांवर असून त्यांत बायकांचे प्रमाण फार मोठे आहे. पालिकेस यात नोकरांचा पगार द्यावा लागत नाही व वाहतुकीचे अंतर वाचते. दरवेळी कराराची मुदत संपत आली म्हणजे हे काम मोठ्या ठेकेदाराकडे द्यावे असा विचार पुढे येतो व या बायकांस पुन्हा मोर्चे काढावे लागतात. ठेक्याची मोटार झपाट्याने केर नेईल यात शंका नाही. परंतु ठेकेदारास बहुधा वजनावर पैसे मिळतात, आणि ज्यास वजनावर पैसे मिळतात त्यास केर कमी व्हावा असे वाटण्याचे कारण नाही. वेचणाऱ्या बाईचा लाभ मात्र माल वेगळा काढण्यातच आहे. म्हणून आमचे मत या बायकांच्या बाजूचे आहे, हे आम्ही लपवून ठेवीत नाही.

हा माल पुढे कोठे जातो तेही पाहू. वेचणारी बाई तो भंगाराच्या दुकानात तोलून देते. तेथे त्याची अधिक बारीक निवड होते: पांढरा कागद वेगळा, छापील वेगळा, पुठ्ठा वेगळा; दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, कडक प्लॅस्टिक वेगळे. दुकानदार तो ठोक व्यापाऱ्यास विकतो व व्यापारी कारखान्यास. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा छापलेला असतो. तो प्लॅस्टिकची जात सांगतो. या जातीचे तुकडे वितळवून त्यांचा धागा काढितात व त्यापासून कापड होते. कागदाचा लगदा होऊन पुन्हा कागद होतो. परंतु प्रत्येक खेपेस त्यातील तंतू आखूड होत जातात, त्यामुळे पाच-सात खेपांनंतर तो कामातून जातो. काचेचे तसे नाही. ती कितीही वेळा वितळविली तरी काचच राहते. धातूंत ॲल्युमिनिअमची गोष्ट विशेष आहे. खनिजापासून ते काढण्यास जेवढी शक्ती खर्च होते तिच्या शेकडा पाचाच्या आसपास शक्तीत जुन्यापासून नवे ॲल्युमिनिअम तयार होते. म्हणून भंगारवाला तुमच्या घरची चेपलेली पातेली हसून घेतो आणि थर्माकोलकडे ढुंकूनही पाहत नाही.

जो माल यांपैकी कोणत्याच मार्गाने जात नाही, तसेच जो मिसळल्यामुळे जाऊ शकत नाही, तो गावाबाहेर जातो. परंतु ‘गावाबाहेर’ म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी गाव. पुण्याचा मिश्र केर अनेक वर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या शिवारात रचला गेला. ढिगातून काळे पाणी पाझरून जमिनीत उतरले, विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, आणि शेतकऱ्यांना आपल्याच गावात टँकरची वाट पाहत उभे राहण्याची पाळी आली. त्यांनी वेळोवेळी केराच्या मोटारी अडविल्या. अशा दिवशी शहरात केर साचून राही व वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येत. विहिरींची छायाचित्रे त्या मानाने कमी येत. मुंबईचे देवनार याहून जुने. तेथे १९२७ पासून केर पडत आला. जानेवारी १९१६ नव्हे, अगदी अलीकडे, जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगरास अशी आग लागली की धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला आणि आसपासच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. हवा न मिळता कुजणाऱ्या केरातून मिथेन निघतो हे वर सांगितलेच आहे. अशा ढिगात आग एकदा शिरली की वरून कितीही पाणी मारिले तरी ती पोटात धुमसतच राहते.

तेव्हा आपल्या बादलीत काय मिसळते यावर दोन लोकांचे बरेवाईट अवलंबून आहे: एक उरुळीच्या शेतकऱ्याचे व दुसरे बादलीत हात घालणाऱ्या बाईचे. शेतकरी दूर आहे; बाई दारात उभी आहे. फुटलेली काच, दाढीचे पाते, इंजेक्शनची सुई ओल्या केरात दडली असेल तर ती प्रथम तिच्या बोटास सापडते. स्त्रियांचे मासिक पाळीचे वापरलेले कपडे व लहान मुलांचे लंगोट उघडेच टाकिले तर तेही तिलाच हाताने वेगळे करावे लागतात. हा विषय शाळेच्या वार्षिकात मांडणे काही वाचकांस अप्रशस्त वाटेल. परंतु जे करावे लागते ते अप्रशस्त नाही आणि जे सांगावे लागते ते मात्र अप्रशस्त, हा न्याय आम्हांस समजत नाही. ‘स्वच्छ’च्या बायकांनी यावर एक तोड प्रचारात आणिली. असे कपडे वर्तमानपत्रात गुंडाळावेत व पुडीवर तांबडा ठिपका काढावा, म्हणजे पुडी न उघडताच आत काय आहे ते कळते. याच कामासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून विकण्याचा उद्योगही त्यांनी चालविला.

पाच हजारांचे भोजन झाल्यावर येशूने शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले व त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, हा प्रसंग आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाने ऐकलेला असतो. आम्हांस त्यात नेहमी एक गोष्ट विशेष वाटत आली आहे. तुकडे वेचण्याचे काम त्याने जवळच्या शिष्यांसच सांगितले, त्यासाठी कोणी वेगळा हलका वर्ग शोधला नाही. आपल्या महाराष्ट्रात गाडगेबाबा (१८७६–१९५६) ज्या गावी कीर्तनास जात तेथे आधी स्वतः खराटा हाती घेत, हेही याच जातीचे उदाहरण होय. कचरावेचक बायकांची मुले आज शाळांतून शिकत आहेत. अशा व्यवसायांतील पालकांच्या मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्तीची योजनाही आहे. परंतु तिचा अर्ज भरताना आईचा धंदा लिहावा लागतो, आणि वर्गात कोणी हसेल या भयाने काही मुले तो अर्जच भरीत नाहीत. येथे पालिकेचा किंवा सरकारचा कोणताही नियम उपयोगी पडत नाही. हा प्रश्न सर्वस्वी शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याचा आहे.

शेवटी व्यवहाराच्या काही सूचना देतो. ओल्या केराची बादली निराळी ठेवावी व तीत प्लॅस्टिकच्या पिशवीचे अस्तर घालू नये. तळाशी कागद पुरतो. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नये, कारण तो चिमुकला तुकडा कोणीच वेचीत नाही. पिशवी विसळून, वाळवून द्यावी, म्हणजे तिला दर येतो. नारळाची करवंटी ओल्या केरात टाकू नये. ती कुजावयास फार काळ लागतो व यंत्राची पाती मोडतात. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ असे ठळक लिहावे व ती हातात द्यावी. विजेरीचे संपलेले घट, जुनी औषधे व रंगाचे डबे वेगळे ठेवावेत. बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावी. राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांस २०१८ पासून बंदी आहेच.

विद्यार्थिमित्रांनी येत्या सुटीत आपल्या घरचा ओला व सुका केर आठ दिवस निरनिराळा तोलून वहीत टिपून ठेवावा. घरातील माणसांची संख्या, सणाचा किंवा पाहुण्यांचा दिवस असल्यास तो, आणि कोणत्याच मार्गाने न जाणाऱ्या वेष्टनांची मोजदाद शेजारच्या रकान्यात लिहावी. शाळा उघडल्यावर सर्व वर्गाचे आकडे एकत्र केले म्हणजे गणिताच्या तासास सरासरीची व शेकडेवारीची उदाहरणे आयतीच मिळतील.